मशीन मिळते, माणूस मिळत नाही

‘महिला व बालकल्याण’ म्हटले की मराठवाड्यातल्या कुठल्याही पंचायत समितीत पहिला विषय निघतो तो शिलाई मशीनचा. मग सायकल, पिठाची गिरणी, मिरची कांडप यंत्र. जिल्हा परिषदेला स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के वाटा महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावा लागतो आणि त्यातून काय करता येईल याची यादी शासनानेच घालून दिली आहे. यादीचे दोन गट आहेत. ‘अ’ गट प्रशिक्षणाचा आणि सक्षमीकरणाचा, ‘ब’ गट वस्तुखरेदीचा. गावोगावच्या बायांना माहीत असतो तो ‘ब’ गट. पण ‘अ’ गटात, फारसे कुणी न वाचलेल्या ओळींमध्ये, मुली आणि महिलांसाठी समुपदेशन केंद्र चालवणे हेही एक काम आहे. म्हणजे नवऱ्याने रात्री घराबाहेर काढलेल्या बाईला तालुक्याच्या ठिकाणी बसायला खुर्ची, ऐकून घेणारे माणूस आणि पुढे काय करायचे हे सांगणारे कुणीतरी मिळावे, याची सोय नियमात आहे. त्यासाठी मंत्रालयात खेटे घालण्याची गरज नाही.

तरी मशीन जिंकते. मशीनची निविदा काढता येते, मार्चच्या आत खरेदी होते, वाटपाचा कार्यक्रम होतो, लाभार्थ्यांची यादी जोडून फाइल बंद करता येते. केंद्राचे तसे नाही. तिथे एका बाईला दरमहा मानधन द्यावे लागते, ते पुढच्या वर्षीही द्यावे लागते, आणि वर्षाअखेरीस ‘काय केले?’ या प्रश्नाला तिच्याकडे जे उत्तर असते ते कुठल्याच रकान्यात बसत नाही. आठ महिने एकाच घरी जात राहिले, सासूशी बोलले, भावाला समजावले, शेवटी बाईने अर्ज केला. किंवा नाही केला. हे काम आहे की नाही, हे लेखापरीक्षकाला कसे कळावे?

लिंगाधारित हिंसा आणि समतेच्या लोकप्रकल्पांना मिळणाऱ्या सरकारी पैशाविषयीच्या या पुस्तकाची सुरुवात मी मुद्दाम जिल्हा परिषदेपासून करते आहे. या विषयावर बोलताना आपण लगेच दिल्लीकडे पाहतो, निर्भया निधीचे आकडे काढतो, आणि पैसा किती आला, किती पडून राहिला यावर चर्चा संपवतो. पैसा कमी आहे हे खरेच. पण छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात राहून ज्यांनी हे काम जवळून पाहिले आहे त्यांना दुसरी गोष्ट अधिक बोचते. पैसा ज्या साच्यातून येतो तो साचाच काम ठरवतो. वस्तू, इमारत, फलक, एक दिवसाचा मेळावा, एकेकटी लाभार्थी हे सगळे साच्यातून सहज पार होते. माणसाचा वेळ मात्र अडकतो. आणि हिंसेच्या प्रश्नावरचे काम म्हणजे जवळजवळ सगळा माणसाचा वेळच.

हिंसा घडते कुठे आणि बाई पहिल्यांदा बोलते कुणाशी, हे आधी लक्षात घेऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २५.२ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण २१.३ टक्के होते. देशभरात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्के जणींनी कुणाची तरी मदत मागितली, आणि त्यातही बहुतेकींनी माहेरच्यांची. पोलीस, वकील, सरकारी कार्यालय ही फार उशिरा येणारी ठिकाणे आहेत. त्याच्या आधी शेजारीण येते, अंगणवाडीताई येते, आशाताई येते, बचतगटाची अध्यक्ष येते. लोकप्रकल्प म्हणतात तो इथे, उंबरठा आणि पोलीस ठाणे यांच्या मधल्या जागेत चालतो. या मधल्या जागेसाठी सरकारी अंदाजपत्रकात सलग, स्वतंत्र लेखाशीर्ष शोधायला जावे तर दमछाक होते.

सरकारी पैसा आणि स्त्रियांच्या मुक्तीचे काम यांचे नाते महाराष्ट्रात वाटते त्यापेक्षा जुने आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या मुलींच्या शाळांना दक्षिणा फंडातून दरमहा ७५ रुपयांचे साहाय्य मिळत होते. पेशव्यांच्या काळी ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा कंपनी सरकारने पुढे चालू ठेवली होती. तिचाच एक ओघळ मुलींच्या शाळेकडे वळला. ही वळवावळव सुखासुखी झालेली नाही, पण झाली. आणि १८५७ नंतर युरोपीय देणगीदारांनी हात आखडता घेतला तेव्हा या शाळांची कशी ओढाताण झाली, हेही इतिहासात नोंदलेले आहे. विधवांसाठी १८६३ मध्ये काढलेले बालहत्या प्रतिबंधक गृह मात्र फुले दाम्पत्याने आपल्याच घरात, आपल्याच खर्चाने चालवले. शाळेला अनुदान मिळते, अब्रू झाकायला आलेल्या विधवेच्या बाळंतपणाला मिळत नाही. ही विभागणी आजही फारशी पुसलेली नाही.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९४८ मध्ये तो मुक्त झाला, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि पुण्या-मुंबईत रुजलेली संस्थाजीवनाची परंपरा इथे बरीच उशिरा पोचली. त्यामुळे सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत मथुरा बलात्कार प्रकरणानंतर मुंबईत, आणि मंजुश्री सारडा मृत्यू प्रकरणानंतर पुण्यात जे उभे राहिले त्याचे धागे इकडे वेगळ्या वाटेने आले. पुण्यात १९८२ मध्ये नारी समता मंच निघाला आणि त्यांच्या ‘बोलते व्हा’ केंद्रात बायका बोलू लागल्या. संगमनेरला १९८८ मध्ये परित्यक्तांची परिषद भरली. अंबाजोगाईत मानवलोक संस्थेच्या जोडीने शैला लोहियांनी मनस्विनी महिला प्रकल्प उभा केला आणि टाकलेल्या बायांच्या प्रश्नाला बीडच्या खेड्यापाड्यांत नाव मिळाले. या कामांचा आरंभ सरकारी योजनेने झालेला नाही. कार्यकर्त्यांच्या पगारातून, वर्गणीतून, कधी परदेशी संस्थेच्या साहाय्यातून ती चालली. सरकार नंतर आले. काही ठिकाणी मदतीला आले, काही ठिकाणी फक्त उद्घाटनाला.

सरकारने असे काम मनापासून आपले म्हटल्याचे महाराष्ट्रातले एक ठळक उदाहरण म्हणजे महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या आवारात तो सुरू केला. कल्पना साधी होती, पण त्या काळी धाडसाची होती. समाजकार्याचे शिक्षण घेतलेली कार्यकर्ती पोलिसांच्या इमारतीत बसेल, पण ती पोलीस नसेल. बाई तक्रार नोंदवायला येते तेव्हा तिला हवे असते ते नेहमी तक्रारच असते असे नाही. कधी स्त्रीधन परत हवे असते, कधी मुलगा ताब्यात हवा असतो, कधी नुसते ‘तुझे चुकले नाही’ एवढे ऐकायचे असते. हे ओळखणारे माणूस वर्दीवाल्याच्या शेजारच्या टेबलावर बसले तर त्या खोलीतली भाषा हळूहळू बदलते. दोन दशके संस्थेने हा प्रयोग जगवला. पुढे राज्य शासनाने तो स्वीकारला, महिला व बालविकास विभागाच्या खर्चात घेतला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. मुंबईत वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात २००० मध्ये ‘सेहत’ संस्था आणि महापालिका यांनी मिळून सुरू केलेले ‘दिलासा’ केंद्रही याच वाटेने गेले. भाजलेली, पडलेली, ‘स्टोव्हचा भडका’ उडालेली बाई जिथे येतेच, त्या रुग्णालयात तिच्यासाठी खोली. आमच्याकडच्या घाटी रुग्णालयात मराठवाड्याच्या निम्म्या जिल्ह्यांतून पेशंट येतात. असे काम तिथे किती मोलाचे ठरते हे वेगळे सांगायला नको.

या दोन्ही उदाहरणांत सरकारने माणसाला पैसा दिला, आणि तो वर्षानुवर्षे दिला. इतर योजनांकडे पाहताना ही कसोटी हाताशी ठेवावी.

कायद्याकडे पटकन येते, कारण त्याबद्दल पुढच्या प्रकरणांत सविस्तर आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याने संरक्षण अधिकारी निर्माण केले, सेवा पुरवठादार म्हणून नोंदलेल्या संस्थांना काम दिले, आश्रयगृहे आणि वैद्यकीय सुविधा यांची नावे घेतली. सोबत पैसा दिला नाही. महाराष्ट्रात सुरुवातीला महसूल आणि इतर खात्यांतल्या अधिकाऱ्यांच्या गळ्यात संरक्षण अधिकाऱ्याचा अतिरिक्त कार्यभार पडला. पाणीटंचाईचे पंचनामे करून उरलेल्या वेळात त्यांनी बाईचा घरगुती घटना अहवाल भरायचा. सेवा पुरवठादार संस्थेने नोंदणी करायची, जबाबदारी घ्यायची, न्यायालयात हजर राहायचे. प्रवासखर्च कुठून, हे तिचे तिने पाहायचे. देशात हे चित्र इतके रेंगाळले की संरक्षण अधिकारी नेमा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये द्यावा लागला. कायदा लागू होऊन तेव्हा अठरा वर्षे उलटून गेली होती.

दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर २०१३ च्या अर्थसंकल्पात १,००० कोटींचा निर्भया निधी जाहीर झाला. त्यातून २०१५ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत ‘सखी’ वन स्टॉप सेंटर उभी राहू लागली. वैद्यकीय मदत, पोलीस, वकील, समुपदेशन आणि पाच दिवसांपर्यंतचा तात्पुरता निवारा हे सगळे एका छताखाली. आता ही केंद्रे ‘मिशन शक्ती’च्या ‘संबल’ या भागात येतात. त्यांचा खर्च पूर्णपणे केंद्राचा. ‘सामर्थ्य’ या दुसऱ्या भागात स्वाधार आणि उज्ज्वला योजना एकत्र करून झालेली शक्ती सदने आहेत. तिथे केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के उचलते. कागदावर ही रचना पूर्वीपेक्षा नीट आहे, हे मान्य करायला हवे.

अडचण नकाशाची आहे. या जिल्ह्यात नऊ तालुके. सोयगावची बाई अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे राहते. तिला जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे तर घाट चढून, सिल्लोड ओलांडून, शंभर किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करावा लागतो. जळगाव तिला त्याहून जवळ, पण तो जिल्हा वेगळा. अंगावर वळ आणि कडेवर मूल घेऊन निघालेल्या बाईला ‘एका छताखाली’ या शब्दांचा उपयोग ते छत किती लांब आहे त्यावर ठरतो. जिल्ह्याचे केंद्र कितीही चांगले चालले तरी तालुक्यातले समुपदेशन केंद्र, गावातला बचतगट, अंगणवाडी यांची साखळी नसेल तर तिथपर्यंत पोचतात त्या मुख्यतः शहरातल्या आणि शहराजवळच्या बायका. निर्भया निधीचा बराच पैसा दूरध्वनी यंत्रणा, कॅमेरे, नियंत्रण कक्ष यांवर गेला. आमच्या शहरातही स्मार्ट सिटीच्या पैशातून चौकाचौकांत कॅमेरे लागले. त्यांचा उपयोग नाही असे म्हणता येणार नाही. रात्री कामावरून परतणाऱ्या मुलीला त्यांचा धीर वाटतो. पण सर्वेक्षणे सांगतात की विवाहित बाईला मारणारा बहुधा तिच्याच घरात असतो, आणि कॅमेरा चौकात.

जनजागृतीवरच्या खर्चाचा एक आकडा मला विसरता येत नाही. ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ २०१५ मध्ये ज्या पहिल्या १०० जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत महाराष्ट्राचे दहा होते, आणि बीड, जालना, उस्मानाबाद यांच्यासह तेव्हाचा औरंगाबाद जिल्हाही होता. कारण उघड होते. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली उरल्या होत्या. संसदेच्या महिला सक्षमीकरण समितीने, नंदुरबारच्या तेव्हाच्या खासदार डॉ. हीना गावित यांच्या अध्यक्षतेखाली, या योजनेचा हिशेब पाहिला. २०१६ ते २०१९ या काळात दिलेल्या ४४६.७२ कोटींपैकी ७८.९१ टक्के रक्कम केवळ माध्यमांतील प्रचारावर खर्च झाली होती. उरलेल्या पाचव्या हिश्श्यात मुलींचे शिक्षण, आरोग्य आणि गावातले प्रत्यक्ष काम. फलकांमुळे एक वातावरण तयार होते हे समितीनेही नाकारलेले नाही. पण सोनोग्राफी केंद्राच्या वाटेवरच्या घरात सासूशी, नवऱ्याशी, डॉक्टरशी बोलायला जो जातो त्याचा खर्च जाहिरातीच्या दराने काढला असता तर किती गावांत माणूस ठेवता आला असता, हा हिशेब वाचकाने आपापला करावा.

असा माणूस ठेवला तर काय होते, याचा पुरावा आमच्याच जिल्ह्यात आहे, आणि तो जगभरच्या अभ्यासकांनी वाचलेला आहे. पैठण तालुक्यात पाचोड हे गाव आहे. तिथे डॉ. अशोक दयालचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली आरोग्य व्यवस्थापन संस्था अनेक दशके काम करते आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस या संस्थेने अविवाहित किशोरींसाठी जीवनकौशल्यांचा एक अभ्यासक्रम सुरू केला. रोज संध्याकाळी एक तास, आठवड्याचे कामाचे दिवस, वर्षभर. सुमारे सव्वादोनशे तासिका. शिकवणाऱ्या बाया त्याच गावच्या, थोड्याफार शिकलेल्या. विषय आरोग्य, आहार, पंचायत कशी चालते, बँकेत काय करायचे, समाजातल्या चालीरीती. त्यात नाट्यमय असे काहीच नव्हते. लग्न करू नका असे मुलींना शिकवणे हा त्याचा मुख्य मजकूर नव्हता, आईबापांना धाक दाखवणे तर नव्हतेच.

१९९७ ते २००१ या काळात या कामाच्या गावांमधले मुलींच्या लग्नाचे मध्यक वय १६ वरून १७ वर गेले. एक वर्ष म्हणजे किती, असे वाटेल. दहावीचे एक वर्ष म्हणजे ते किती, हे गावातल्या मुलीला विचारावे. मला या प्रयोगात सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते त्या एका तासाचे स्थान. गावातल्या मोठ्या झालेल्या मुलीला घराबाहेर जायला सबब लागते. शाळा सुटली की ती सबब संपते, आणि ‘घरात बसलेली पोर’ हे लग्नाचे सर्वांत मोठे कारण होऊन बसते. रोज संध्याकाळी गावाच्या संमतीने, गावच्याच बाईच्या देखरेखीखाली मुली एकत्र बसू लागल्या की मुलगी घरात बसलेली राहत नाही, ती काहीतरी शिकत असलेली होते. बापालाही पाहुण्यांना सांगायला काहीतरी मिळते. हे माझे वाचन. संस्थेच्या अहवालांत ते या शब्दांत नाही. पण एवढे नक्की, की या तासाला इमारत लागली नव्हती, यंत्र लागले नव्हते. लागली ती शिकवणारीला दरमहा द्यायची रक्कम आणि वर्षभर न थांबण्याची खात्री. ही रक्कम तेव्हा मुख्यतः परदेशी संशोधन-निधीतून आली. २०१९-२१ चे राष्ट्रीय सर्वेक्षण राज्यात १८ वर्षांआधी लग्न झालेल्या तरुणींचे प्रमाण २१.९ टक्के सांगते, आणि परभणीत ४८, बीडमध्ये ४३.७. पाचोडपासून हे जिल्हे लांब नाहीत. पंचवीस वर्षांपूर्वी जवळच सापडलेला उपाय तिथे राज्याच्या अंदाजपत्रकातून गावोगाव का गेला नाही, हा प्रश्न या पुस्तकाच्या मुळाशी आहे.

परदेशी पैशाची वाट पुढे अरुंद होत गेली. परकीय योगदान विनियमन कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने मोठ्या संस्थेने लहान संस्थेला निधी पुढे देण्यावर बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. दिल्लीत किंवा मुंबईत कार्यालय असलेल्या संस्थेला हे झेपते. कन्नड-वैजापूरकडची चार बायांची संस्था इंग्रजीत प्रस्ताव लिहू शकत नाही. ती कायम कुणाच्या तरी मार्फत पैसा घेत आली होती, आणि तो दुवाच तुटला. कार्यकर्तीचे मानधन ‘प्रशासकीय’ धरायचे की ‘कार्यक्रमाचे’, यावर रात्री जागवणारे हिशेबनीस मला माहीत आहेत. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी २०१४ पासून आला. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा अशा औद्योगिक वसाहती असलेल्या आमच्या जिल्ह्यात त्याचे महत्त्व मोठे. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत स्त्री-पुरुष समतेचा उल्लेखही आहे. पण कंपनीच्या माणसाला तलाव, शाळेची खोली, स्वच्छतागृह दाखवायला सोपे जाते. नवऱ्याविरुद्ध न्यायालयात उभ्या राहिलेल्या बाईच्या पाठीशी आमचे नाव असू दे, असे म्हणणारी कंपनी विरळा. म्हणून फिरून सरकारकडेच यावे लागते. आणि ते योग्यच आहे, कारण स्त्रीचा जीव सुरक्षित ठेवणे ही कुणाची देणगी नाही.

सरकारी अनुदानाच्या वाटेवरच्या खाचखळग्यांना कार्यकर्त्यांच्या बोलीत स्वतंत्र शब्दकोश आहे. प्रस्ताव, त्रुटी, त्रुटीपूर्तता, प्रशासकीय मान्यता, पहिला हप्ता, उपयोगिता प्रमाणपत्र, दुसरा हप्ता. पहिला हप्ता जानेवारीत येतो आणि ३१ मार्चच्या आत तो खर्च करून दाखवायचा असतो. मग संस्था काय करणार, मेळावा घेणार. एप्रिल ते डिसेंबर कार्यकर्ती उधारीवर जगते. कुणी बी.एड. करते, कुणी अंगणवाडीत लागते, आणि तिच्याबरोबर तीस-चाळीस बायांचा विश्वासही जातो. नवी कार्यकर्ती नव्याने सुरुवात करते. हिंसेच्या कामात माणूस बदलणे म्हणजे ज्या बाईने एकदा जीव मुठीत धरून सगळे सांगितले तिला तेच पुन्हा, अनोळखी माणसापुढे सांगायला लावणे.

दुसऱ्या बाजूचे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. संस्था म्हटले की सेवाभाव, आणि सरकार म्हटले की दप्तरदिरंगाई, ही वाटणी खोटी आहे. मराठवाड्यात अनुदानापुरत्या जन्मलेल्या, लेटरहेडवर राहणाऱ्या संस्थाही पुष्कळ झाल्या. त्यांच्यामुळेच तपासण्या कडक झाल्या आणि त्याचा जाच खऱ्या काम करणाऱ्यांना झाला. आणखी एक गोष्ट पैशापेक्षाही नाजूक आहे. यश कशाला म्हणायचे? २००७ मध्ये सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेत गावाला मिटवलेल्या तंट्यांवर गुण आणि बक्षीस मिळत असे. बांधाच्या भांडणाला हे ठीक. पण घरातल्या मारहाणीलाही तोच नियम लागला की ‘मिटले’ याचा अर्थ बाई परत सासरी गेली असा होतो. अनेक समुपदेशन केंद्रांच्या मासिक तक्त्यात आजही ‘समेट’ हा रकाना ठळक असतो. पैसा देणारा जे मोजतो तेच काम घेणारा करू लागतो, मग तो कितीही भला असो. युगांडात कंपाला शहरात ‘सासा’ नावाच्या लोककार्यक्रमाचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कार्यक्रम चाललेल्या वस्त्यांमध्ये जोडीदाराकडून होणाऱ्या शारीरिक हिंसेचे प्रमाण इतर वस्त्यांपेक्षा ५२ टक्क्यांनी कमी होते. तिथे मोजली गेली ती वस्तीतली हिंसा. समेट नव्हे.

आता ‘लाडकी बहीण’ योजनेविषयी. जुलै २०२४ पासून राज्यातल्या दोन कोटींहून अधिक स्त्रियांच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये जाऊ लागले; २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी ३६,००० कोटी ठेवले गेले. बाईच्या स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या नावाने आलेल्या पैशाला नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. माहेरी जायला एसटीचे भाडे नसल्यामुळे किती जणी मार खात राहिल्या हे ज्यांनी पाहिले आहे ते या रकमेला हसणार नाहीत. पण एकेकटीच्या खात्यात पैसा टाकणे आणि तिच्या भोवतीचे गाव बदलायला पैसा देणे ही दोन वेगळी कामे आहेत; पहिल्यासाठी दुसऱ्याची थैली रिकामी होऊ लागली तर नुकसान त्याच बाईचे. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी रुपये या योजनेकडे वळले, तेव्हा त्या खात्याचे मंत्री आणि याच शहराच्या पश्चिम मतदारसंघाचे आमदार संजय शिरसाट यांनी उघड नाराजी बोलून दाखवली. मंत्र्यालाच जिथे आपल्या खात्याचा पैसा राखता येत नाही तिथे तालुक्याच्या समुपदेशन केंद्राचे काय?

मराठवाड्याला हिशेब मागण्याची सवय आहे. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून आम्ही अनुशेषाची भाषा बोलत आलो. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा, विजेचा, शिक्षणाचा, आरोग्याचा. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ झाले, २०२० मध्ये त्याची मुदत संपली, त्यावर अग्रलेख झाले, मोर्चे निघाले. या सगळ्या चर्चेत किती तालुक्यांत समुपदेशक नाही, किती संरक्षण अधिकाऱ्यांकडे वाहन नाही, एका निवाऱ्यामागे किती लाख बायका आहेत, हा अनुशेष कुणी मोजला नाही. मोजला असता तर तो रुपयांत फार मोठा निघाला नसता. एका छोट्या उड्डाणपुलाच्या पैशात किती वर्षांचे मानधन भागते, हे कुणीही कागदावर मांडून पाहू शकतो.

पुढच्या प्रकरणांत योजनांची माहिती आहे, कायदे आहेत, अर्ज कसा करायचा आणि हिशेब कसा ठेवायचा हे आहे, आणि ज्यांनी हे काम केले त्यांचे अनुभव आहेत. इथल्या विद्यापीठातल्या ताराबाई शिंदे स्त्री अभ्यास केंद्राच्या विद्यार्थिनीला ते उपयोगी पडावे तसेच गंगापूर किंवा फुलंब्रीच्या ग्रामपंचायत सदस्य बाईलाही. या दुसऱ्या वाचकासाठी एक-दोन गोष्टी इथेच सांगून ठेवते.

जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर बराच काळ तिथे प्रशासक होता. २०११ पासून असलेल्या ५० टक्के आरक्षणातून निवडून येणाऱ्या बायका त्या काळात महिला व बालकल्याणाचा पैसा कुठे जावा हे ठरवायला सभागृहात नव्हत्या. ग्रामपंचायतीचे तसे नाही. तिलाही आपल्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या नऊ विषयांत ‘महिलास्नेही गाव’ हा नववा विषय आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेणे बंधनकारक आहे. ही सभा बहुतेक गावांत सह्यांपुरती होते. ती खरी भरवावी. तीत ठराव घ्यावा की या वर्षी वाटपाऐवजी गटातली चार-पाच गावे मिळून एक कार्यकर्ती ठेवतील. तिचे मानधन, तिचा प्रवास, तिच्या फोनचा खर्च आराखड्यात वेगळ्या ओळीत दाखवावा, आणि तरतूद एका नव्हे, पाच वर्षांची धरावी. ग्रामसेवक म्हणतील, असे लेखाशीर्ष नाही. तेव्हा पंचायत समितीकडे ‘अ’ गटाची यादी मागावी. ती मिळायला वेळ लागला तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज या पुस्तकाच्या शेवटी जोडला आहे. त्याला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावायचे असते.